सायकलची चेन: तेल घालूनही करकरते, याचे काय करावे? (सोलापूरची धूळ गृहीत धरून)

जुळे_सोलापूरकर — रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून मी जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला सायकलने जातो. जाऊन-येऊन रोज साधारण १८ किलोमीटर होतात. सायकल सात गिअरची आहे, चेनला कव्हर नाही आणि वाटेतला बराचसा रस्ता कायम खोदलेलाच असतो. पहिले तीन महिने चेनकडे मी ढुंकूनही पाहिले नाही. मग ती करकरू लागली, म्हणून मोटारसायकलचे उरलेले २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल तिच्यावर सढळ हाताने ओतले. दोन दिवस आवाज बंद झाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला. पुन्हा ऑइल घातले. असे चार-पाच वेळा झाल्यावर आता चेन काळ्याकुट्ट लेपाने माखलेली आहे, उजव्या पायाची प्रत्येक पँट घोट्यापाशी काळी झाली आहे आणि घरात त्यावरून रोज ऐकून घ्यावे लागते. इतके तेल पिऊनही चेन करकरते कशी, हे मला कळत नाही. कोणते तेल घालावे, किती दिवसांनी घालावे आणि चेन काढून धुवावी की जागेवरच पुसावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

घाईत_आहे — रविवार, रात्री ९.२५

डब्ल्यूडी-४० मारा आणि विसरून जा. मी तीन वर्षे तेच करतो.

धोटा — रविवार, रात्री ११.०५

जुळे_सोलापूरकर, आपल्या चेनला तेल भरपूर मिळाले आहे, पण जिथे हवे तिथे ते पोहोचलेले नाही. माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे मिस्त्री होते. कारखान्यात नव्याने लागलेला पोरगा तेलाची कुपी घेऊन मागाला वरून अंघोळ घालू लागला, की ते त्याच्या हातातली कुपी काढून घेत आणि आधी फडके देत. चेनच्या बाबतीत मीही तेच सांगेन, पण त्याचे कारण समजून घेतलेले बरे.

चेनकडे जवळून पाहा. बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, त्यांना आरपार जोडणारी पिन आणि पिनेभोवती गरगर फिरणारा छोटा रोलर, एवढाच तो मामला आहे. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. गिअरच्या सायकलला असे ११० ते ११६ जोड येतात. चेन दात्यांवर चढताना आणि उतरताना प्रत्येक जोड थोडा वळतो, आणि घर्षण होते ते पिन व तिच्याभोवतीच्या बुशमध्ये (आतल्या पट्ट्यांच्या छोट्या नळीत) आणि बुश व रोलरमध्ये. या फटी इतक्या बारीक असतात, की बाहेरून पाहणाऱ्याला त्या असल्याचा पत्ताही लागत नाही. तेलाची गरज तिथे आहे. पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला गंज धरू नये एवढा पुसट ओलावा पुरतो. त्याहून जास्त तेल तिथे राहिले, तर ते केवळ धूळ गोळा करण्याचे काम करते.

आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक दगडाची पूड आहे. ती तेलात कालवली, की खलबत्त्यात वाटल्यासारखा धार लावण्याचा लेप तयार होतो. आपण वरून घातलेले प्रत्येक नवे तेल त्यातला काही लेप सैल करून आत ढकलते. दोन दिवस त्या ओलाव्याने आवाज दबतो आणि नंतर आतली माती पुन्हा बोलू लागते. आपण ऐकता ती करकर कोरड्या लोखंडाची कमी आणि मातीची अधिक असावी.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सायकलला आज आपण वापरतो ती बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये इंग्लंडात तयार केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथे कापडाच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवणारा एक लहान कारखाना विकत घेतला होता. सायकलची चेन गिरणीच्या घरातून आलेली आहे, हे मागांच्या गावात राहणाऱ्यांना ठाऊक असावे.

आता कृती. सायकल स्टँडवर लावा आणि जुन्या सुती कापडाची चिंधी घ्या. टॉवेलचा तुकडा किंवा कारखान्यातले कॉटन वेस्ट घेऊ नका, कारण त्याचे धागे रोलरमध्ये अडकतात आणि मग ते चिमट्याने काढत बसावे लागते. चिंधीत चेनचा खालचा पट्टा हलक्या हाताने धरून पेडल उलटे फिरवा आणि चिंधीची जागा बदलत राहा. बोटे चेन आणि दात्यांच्या मध्ये जाणार नाहीत, इतक्या लांबवर धरा. मागच्या चाकाजवळच्या दोन छोट्या पुल्यांवर काळ्या मातीची वळी साचलेली असते, ती जुन्या दातांच्या ब्रशच्या दांड्याने खरवडून काढा. आपल्या चेनची अवस्था पाहता एकदा तरी ती रॉकेलने किंवा सायकलच्या डीग्रीझरने ब्रश मारून धुवावी लागेल. धुतल्यावर निदान रात्रभर पूर्ण सुकू द्यावी. ही पायरी लोक गाळतात आणि मग आत राहिलेले रॉकेल नवे तेल पातळ करून टाकते.

तेल घालायचे ते चेनच्या आतल्या अंगाने, म्हणजे जी बाजू दात्यांना टेकते तिथे, प्रत्येक रोलरवर एक थेंब. चेन लॉकपासून, म्हणजे चेन जिथे उघडता-जोडता येते त्या जोडापासून सुरुवात केली, तर एक फेरी कुठे पूर्ण झाली ते कळते. यात पाच-सात मिनिटे जातात. नंतर पेडल शंभरेक वेळा उलटे फिरवा, शक्य असल्यास रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी कोरड्या चिंधीने चेन अशी पुसा, की बोट लावले असता बोटावर जेमतेम डाग यावा. आपण घातलेले बरेचसे तेल पुसून टाकत आहोत, याचे वाईट वाटून घेऊ नये.

एकरुख — सोमवार, सकाळी ६.५०

धोटा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. घाईत_आहे यांच्या सल्ल्याबद्दल मात्र थोडे लिहावेसे वाटते. डब्ल्यूडी-४० या नावातच त्याचे काम सांगितले आहे: वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणे, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला नुस्खा. १९५३ मध्ये अमेरिकेत ते गंज रोखण्यासाठी तयार झाले. त्यातला बराच भाग उडून जाणारा असतो आणि मागे राहतो तो तेलाचा पातळ पापुद्रा. त्याने मळ सुटतो, पावसात भिजलेल्या चेनमधले पाणी निघते, आवाजही तात्पुरता जातो. पण रोजच्या भाराखाली तो पापुद्रा टिकत नाही. त्याच कंपनीचे सायकलच्या चेनसाठी वेगळे तेलही मिळते, त्याची गोष्ट निराळी.

दुसरे असे, की माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. मी एकदा घाईत मागच्या बाजूने असा फवारा मारला आणि त्याचा शिंतोडा डिस्कवर गेला. पुढच्या उतारावर ब्रेक नुसते किंचाळले, सायकल काही थांबेना. पॅड बदलावे लागले. ब्रेक कोणतेही असोत, चेनला फवारा न मारता थेंब घालावेत.

घाईत_आहे — सोमवार, सकाळी ८.१५

माझी चेन दर वर्षी बदलावी लागते, याचे कारण आज समजले. शब्द मागे घेतो.

बावीस_इंची — सोमवार, दुपारी ३.३०

मी निवृत्त माणूस आहे आणि माझ्याकडे काळी, बावीस इंची, पूर्ण चेन कव्हर असलेली जुनी सायकल आहे. आमच्या वेळी वर्षातून एकदा, बहुधा गड्ड्याची जत्रा उरकल्यावर, सायकल ओव्हरहॉलिंगला टाकत असू. मिस्त्री चेन काढून रॉकेलच्या डब्यात रात्रभर बुडवून ठेवी, सकाळी ती तारेला टांगून निथळवी आणि मग जाड तेलात किंवा पातळ केलेल्या ग्रीजमध्ये घोळून चढवी. वर्षभर पुन्हा हात लावावा लागत नसे. आजची पोरे इतक्या किरकोळ गोष्टीसाठी इतका खटाटोप का करतात, हे मला समजत नाही.

धोटा — सोमवार, रात्री ८.४०

काका, आपली पद्धत आपल्या सायकलला अगदी योग्य होती आणि अजूनही आहे. त्या बंद कव्हरमध्ये धूळ आणि पाणी फारसे शिरत नाही, म्हणून आत जाड तेल वर्षभर चालते. शिवाय ती चेन अष्टमांश इंच रुंदीची असते आणि नेहमी एकाच सरळ रेषेत धावते. गिअरची चेन त्याहून अरुंद असते, एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर जाताना ती तिरकी होते आणि सारा वेळ उघड्यावर असते. तिला ग्रीज लावले तर एमआयडीसीपर्यंत जाईपर्यंत तिचे वाळूचे लाडू होतील.

रॉकेल मात्र आता सहज मिळत नाही आणि बरेच मिस्त्री डिझेल वापरतात. डिझेलने मळ निघतो, पण ते उडून जायला फार वेळ घेते आणि मागे तेलकटपणा ठेवते. म्हणून त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन चेन पूर्ण सुकवावी. पेट्रोल कृपया कोणीही वापरू नये. त्याची वाफ साध्या हवेतही पेट घेते आणि आपल्याकडचे लोक हे काम बहुधा स्वयंपाकघरामागच्या मोरीत करतात. धुतलेले रॉकेल गटारात ओतायचीही गरज नाही. बाटलीत भरून आठवडाभर ठेवले, की गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ रॉकेल पुढच्या वेळी पुन्हा कामी येते.

सगळ्यांसाठी आणखी एक सूचना. गंज काढण्याचे आम्ल किंवा फरशी पुसण्याचे तीव्र द्रावण चेनला लावू नये. आम्लाने कडक पोलाद ठिसूळ होऊन पट्टीला तडा जाऊ शकतो. चेन बनवणाऱ्या कंपन्याही सौम्य साबणच वापरा, असे सांगतात.

बावीस_इंची — सोमवार, रात्री ९.२०

पटले. माझा एक उपयुक्त मुद्दा राहून गेला. आमच्या चेनच्या लॉकला वरून एक कमानी क्लिप असते. ती बसवताना तिचा बंद भाग चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवा आणि फाटलेला भाग मागे. उलटी बसवली तर कुठे तरी घासून निसटते आणि भर चौकात चेन हातात येते. ज्यांच्याकडे अशी सायकल आहे त्यांनी आजच तपासावे.

पहाटे_तुळजापूर — मंगळवार, पहाटे ५.०५

तेलाची चर्चा झाली, आता मेणाबद्दल लिहितो. मी दर रविवारी तुळजापूरपर्यंत, म्हणजे एका अंगाने साधारण ४५ किलोमीटर जातो आणि दोन वर्षांपासून चेनला पॅराफिन मेण लावतो. चेन काढून तिच्यातले तेल रॉकेलने तीन-चार वेळा धुऊन इतके काढावे लागते, की शेवटच्या धुण्याचे पाणी स्वच्छ दिसले पाहिजे, कारण तेलकट धातूला मेण धरत नाही. मग मेणाचे भांडे उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून ते वितळवायचे, थेट गॅसवर कधीही ठेवायचे नाही. त्यात चेन दहा मिनिटे बुडवून, हलवून, बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून टांगायची. थंड झाली की ती काठीसारखी ताठ होते. एकेक जोड हाताने मोकळा करावा लागतो.

इतके केल्यावर जे मिळते ते असे: चेन हाताला कोरडी लागते, पँट काळी होत नाही आणि धूळ बसली तरी चिकटत नाही. मला एका बुडवणीत कोरड्या दिवसांत ३०० किलोमीटरच्या आसपास मिळतात. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने कोरडे असतात, म्हणून ही पद्धत कोकणापेक्षा इथे अधिक शोभते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला तरी मेण चेनमध्ये टिकते, कारण पॅराफिन त्याहून बऱ्याच वर, सामान्यतः ५० ते ६० अंशांच्या पुढे वितळते. पण एकदा पावसात भिजलात, की लगेच पुसून पुन्हा बुडवावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी चेनवर नारिंगी गंज दिसतो. वाढदिवसाच्या रंगीत मेणबत्त्या वितळवून हा प्रयोग करू नये. मी केला आहे.

जुळे_सोलापूरकर — मंगळवार, रात्री १०.००

सर्वांचे मनापासून आभार. मेणाचा खटाटोप मला रोजच्या धावपळीत जमणार नाही, पण आज धोटा यांच्या सांगण्यानुसार चेन काढून धुतली. पहिल्या धुण्यात निघालेला गाळ पाहून सौ. म्हणाल्या, की एवढ्यात एक गमला भरला असता. चेन सुकल्यावर मात्र निराळीच चिंता उभी राहिली. ती आडवी धरली तर धनुष्यासारखी वाकते आणि पुढच्या चक्रावर बसलेली असताना बोटाने ओढली तर दात्यापासून बरीच उचलली जाते. चेन ताणली गेली आहे, असे एका दुकानदाराने पाहताक्षणी सांगितले. हे खरे असू शकते का?

धोटा — बुधवार, सकाळी ७.३०

लांबी वाढली आहे हे खरे, पण लोखंड ताणलेले नाही. प्रत्येक पिन आणि तिचे बुश थोडे थोडे झिजले आहेत. हिशेब करून पाहा. ११६ जोडांची चेन साधारण १४७३ मिलिमीटर लांब असते. प्रत्येक जोडात केसाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.०६ मिलिमीटर झीज झाली, तरी एकूण लांबी सात मिलिमीटरने वाढते. दात्यांच्या खाचा मात्र अर्ध्या इंचावरच राहतात. मग वाढलेली चेन दात्याच्या वरच्या अंगावर चढून बसते आणि तो दाता माशाच्या परासारखा एका बाजूने खात जाते.

मोजण्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. घरातली इंचांची पोलादी पट्टी घ्या. चेन सायकलवर ताणात असताना पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिथून २४ जोड मोजा. नव्या चेनमध्ये ती पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती रेघेच्या पुढे षोडशांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडी वर गेली असेल, तर चेन बदलायची वेळ झाली आहे आणि मागची चक्रे बहुधा वाचली आहेत. अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर मागची चक्रेही गेली असे समजा. पट्टी कापडी किंवा प्लॅस्टिकची नको.

जुळे_सोलापूरकर — बुधवार, रात्री ९.४५

मोजले. अष्टमांश इंचाहून थोडे अधिकच आहे. म्हणजे दिवाळीपासूनच्या माझ्या तेलदानाचा हा प्रसाद. चेन आणि मागचे फ्रीव्हील दोन्ही बदलतो.

धोटा — बुधवार, रात्री १०.१०

दोन्ही एकदमच बदला. नुसती चेन बदलली, तर ती झिजलेल्या दात्यांवर जोर पडताच उड्या मारते. नव्या चेनवर कारखान्यातले घट्ट वंगण असते आणि ते आतपर्यंत गेलेले असते, म्हणून ती रॉकेलमध्ये बुडवू नका. फक्त बाहेरून कोरड्या चिंधीने चिकटपणा पुसून घ्या आणि पहिले काही आठवडे त्याच वंगणावर चालवा. नंतर तेल कोणते, या आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर: सायकलचे ‘ड्राय’ प्रकारचे, म्हणजे घातल्यावर फारसे ओले न राहणारे तेल मिळाले तर उत्तम. ते न मिळाल्यास शिलाई यंत्राचे तेल चालते. ते पातळ असल्याने आत नीट शिरते, पण लवकर संपते. म्हणून दर आठवड्याला थेंब-थेंब घालावे लागते. खोबरेल किंवा गोडेतेल नको. खाण्याची तेले हवेने घट्ट होऊन डिंकासारखी चिकटतात आणि थंडीच्या पहाटे खोबरेल तर गोठतेच. गाडीचे काढलेले जळके ऑइल तर कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. त्यात धातूचा बारीक चुरा असतो आणि ते कातडीलाही घातक आहे.

नान्नज_रस्ता — गुरुवार, दुपारी १.२०

शेताकडच्या रस्त्याने जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. आमची काळी माती पहिल्या पावसानंतर चाकाला, मडगार्डला आणि चेनला अशी धरते, की सायकल ढकलतही नाही. ती ओली असतानाच तांब्याने पाणी ओतून सोडवावी. वाळली तर तिची वीट होते. गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नये, कारण ते पाणी हबच्या आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये शिरते आणि तिथले ग्रीज धुऊन नेते. मी एका पावसाळ्यात दोन्ही हबचे छर्रे असेच घालवले. घरी आल्यावर कितीही दमलेले असलो, तरी चेन पुसून तेल त्याच रात्री घालावे.

जुळे_सोलापूरकर — सात आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.१५

धागा वर आणतो, त्याबद्दल क्षमस्व. नवी चेन आणि फ्रीव्हील घालून साधारण ७५० किलोमीटर झाले. दर शनिवारी रात्री पुसतो, दर दुसऱ्या शनिवारी थेंब घालतो आणि सकाळी पुन्हा पुसतो. पट्टी लावून पाहिली. पिन अजून १२ इंचांच्या रेघेवरच आहे. पँटवर डाग नाही, त्यामुळे घरातही शांतता आहे. एक आवाज मात्र उरला आहे. चढावर जोर लावला, की टक्-टक् असे वाजते. चेनला तेल घालून पाहिले, काहीही फरक नाही. पुन्हा तीच चूक तर करत नाही ना, अशी शंका आली म्हणून विचारतो.

धोटा — रविवार, रात्री ८.३०

तेल घालणे थांबवा आणि मोजा. पेडलच्या प्रत्येक फेरीला, पाय एकाच ठिकाणी असताना आवाज येत असेल, तर तो पेडलचा किंवा क्रँकचा (पेडलच्या दांड्याचा) आहे. पुढचे चक्र ४२ दात्यांचे असेल आणि आवाज साधारण पावणेतीन फेऱ्यांनी एकदा येत असेल, तर चेनचा एखादा जोड आखडलेला आहे, कारण ११६ जोडांची चेन पूर्ण फिरायला तेवढ्याच फेऱ्या लागतात.

जुळे_सोलापूरकर — रविवार, रात्री ९.०५

आत्ताच गल्लीत फिरवून आलो. प्रत्येक फेरीला, उजवा पाय खाली जाताना. चेन निर्दोष सुटली.

धोटा — रविवार, रात्री ९.१२

उजवे पेडल काढा, आट्यांना थोडे ग्रीज लावा आणि पुन्हा घट्ट बसवा. एवढ्याने गेला नाही, तर पेडलचे छर्रे पाहावे लागतील. त्यासाठी वेगळा धागा काढा, कारण त्यावर काकांना बरेच लिहायचे असेल.